मोजून सहा

मनगट मोडलं ते दुधाची बरणी घेऊन
पायरी उतरताना. बर्फही नव्हता, नुसतं दंव.
दूध सांडलं नाही,
हे मी डॉक्टरणीला दोनदा सांगितलं.

वाल्येवोच्या दवाखान्यात तियाना नावाची ती पोर,
माझ्या धाकटीहून लहान,
काळी फिल्म उजेडासमोर धरून म्हणाली, आजी, बघा.
बघितलं.
माझ्या आत शिळ्या पावाचा काप होता.
भोकंच भोकं,
आणि त्यांच्या मधे कसाबसा तग धरून
अजून मला उभं ठेवणारं काहीतरी.

गोळ्या लिहून दिल्या. चाला म्हणाली. उन्हात बसा.
आणि रोज पाच-सहा सुकवलेले आलुबुखार खा,
जादू नाही, पण मदत होते म्हणतात.
आहेत का घरी?

इतकं हसू आलं की प्लॅस्टरमधला हात ठणकला.
पोरी, मी ओसेचिनाकडची.
बावन्न वर्षं धुरीघराच्या दारात काढली,
रात्री तीनला उठून बीचची लाकडं सारली,
खालच्या जाळ्या वर, वरच्या खाली,
सप्टेंबर संपेपर्यंत डोळे लाल.
झिवानला पुरलं तेव्हा त्याच्या कोटालाही
तोच वास होता, पाद्री शिंकला.
आहेत का घरी!

पण खाल्ले कधी?

सासूबाई पोती शिवायच्या आधी
जाळ्यांवरून बोट फिरवायच्या.
मोठे, चकचकीत, ते व्यापाऱ्याचे.
मधले म्हणजे मुलांचे बूट, दिव्याचं तेल, मीठ.
फाटके, करपलेले आमचे,
तेही सणाला, पाण्यात उकळून,
एका वाडग्यात तीन, नशीब असेल तर चार.

एकदाच उचलला होता एक, मोठ्यातला.
पोटात मिलोराद होता.
गालात धरून ठेवला, चावायची छाती झाली नाही.
सासूबाईंनी काहीतरी विचारलं
आणि मी आठळीसकट गिळला.
महिनाभर वाटत होतं, पोर झाडासारखं उगवेल.

चार बाळंतपणं.
प्रत्येकाने येताना माझ्यातून
मूठ मूठ चुना नेला असेल, नेऊ दे,
त्यांची हाडं ग्राझला, लिन्झला
दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती उचलतात.
मला कुणी मोजून सांगितलं नव्हतं
की माझ्याकडे किती होतं.

तर आता संध्याकाळी बशी घेते.
मोजून सहा.
पहिल्या दिवशी हात आपोआप
फाटक्यांकडेच गेला. दुसऱ्या दिवशीही.
(पोटाने पहिल्या आठवड्यात काय गोंधळ घातला
ते विचारू नका.)
दहाव्या की अकराव्या दिवशी
पोत्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि चाचपून, चाचपून, सगळ्यात मोठा काढला.
दाराकडे बघितलं.
दारात कोंबडी होती.

आधी धूर लागतो जिभेला. मग सालीची सुरकुती,
माझ्या हातावर आहे तशीच,
आणि मग इतक्या उशिरा तो गोडवा
की मी खाली बसले.

शेजारची वुकोसावा आता रोज येते.
तिची पाठ अशी वाकलीय
की तिला आभाळ बघायचं तर पलंगावर झोपावं लागतं.
तिला म्हटलं, खा. म्हणाली, आता काय उपयोग?
म्हटलं, उपयोग नसेल तर नसू दे, खा.
आठळ्या बरणीत टाकतो. टक्. टक्.
दुधाचीच ती बरणी, कान तेवढा तुटलाय.

वर्षाने तियानाने पुन्हा फोटो काढला.
वाढलं नाही काही, म्हणाली,
पण घटलंही नाही, आजी. आहे तेवढंच आहे.
ती जरा ओशाळून म्हणाली.
तिला काय माहीत,
गारपिटीच्या साली आहे तेवढं राहिलं
तर आम्ही चर्चमध्ये मेणबत्ती लावतो.

परवा व्यापारी आला. वजनकाटा मांडला.
सात पोती घातली, आठवं मी मागे ओढलं,
चांगल्या हाताने.
हे कुणाला, मिलुंका? कुणी जास्त भाव दिला?
नाही रे, म्हटलं, घरात लागतं.
त्याने तोंड उघडून बघितलं पोत्याचं.
पण यात तर सगळे मोठे आहेत!

हो, म्हटलं.